बायकांची व्यावसायिक आइस हॉकी लीग: ही तरी टिकेल का?

ओवी_मिसिसागा
मंडळी, क्रीडा विभागात क्रिकेट सोडून काही टाकलं की धागा दोन दिवसांत तळाला जातो हे माहीत आहे, तरी टाकतेय.

इथे कॅनडात हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत पीडब्ल्यूएचएल या बायकांच्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला. न्यूयॉर्कनं टोरांटोला घरात येऊन ४-० नं धुतलं. लीगच्या इतिहासातला पहिला गोल एला शेल्टनच्या नावावर आहे. सहा संघांनी सुरुवात झाली: टोरांटो, माँट्रियल, ओटावा, बोस्टन, न्यूयॉर्क, मिनेसोटा. तिसऱ्या हंगामात व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल आले, म्हणजे आठ झाले.

लेक स्वतः खेळते, त्यामुळे घरात दुसरा विषय नाही. तिला पुढच्या हंगामाची सगळी तिकिटं हवीत. नवरा म्हणतो, आधीच्या लीग बुडाल्या तशी हीही बुडेल, पैसे अडकवू नकोस. मला वाटतं या खेपेला पाया वेगळा घातलाय. पण एक गोष्ट मलाही खटकते: आठही संघ एकाच मालकाचे आहेत. हे बरं की वाईट? आणि बायकांच्या लीग नेमक्या कशानं बुडतात, कशानं तगतात? खेळाची माहिती नसली तरी चालेल, धंद्याची अक्कल असलेल्यांनी जरूर लिहा.

तिरकस
मराठी संस्थळावर आइस हॉकी! आता वेंगुर्ल्यात स्कीइंग शिकवणाऱ्यांचा धागा आला की मी डोळे मिटायला मोकळा.

(वाचतोय.)

रानजाई
मला काहीच कळत नाही पण प्रश्न आहे. आठही संघ एकाचेच, मग कोण जिंकलं याचं त्याला काय? आणि निकाल आधीच ठरवून ठेवले तर?

ओवी_मिसिसागा
रानजाई, मालक म्हणजे मार्क वॉल्टर आणि त्यांची पत्नी किंब्रा. लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉलचा संघ ज्यांच्याकडे आहे तेच. टेनिसवाल्या बिली जीन किंग आणि त्यांच्या जोडीदार इलाना क्लॉस याही यात आहेत. प्रत्येक संघाला स्वतंत्र सरव्यवस्थापक आहे, स्वतंत्र प्रशिक्षक आहे. खेळाडू ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडतात तो) किंवा त्या व्यवस्थापकाशी करार करून संघात येतात. मैदानावर भांडण खरंखुरं आहे. एकदा येऊन बघ, पाच मिनिटांत खात्री पटेल. फक्त तिजोरी एक आहे.

अमेरिकेत पुरुषांची फुटबॉल लीग, एमएलएस, १९९६ मध्ये अशीच एका छत्राखाली सुरू झाली आणि आजही चालू आहे. त्यामुळे पद्धत नवी नाही.

अण्णा_वडगावकर
पद्धत नवी नाही, पण धोकाही जुनाच आहे. एका माणसाचा मूड गेला की आठही संघ एका दिवसात बंद. वेगवेगळे मालक असतील तर दोन बुडतात, चार राहतात. मी आयुष्यभर सहकारी बँकेत नोकरी केली. सगळी ठेव एकाच ठेवीदाराची असेल तर शाखाधिकाऱ्याला झोप लागत नाही.

मिनेसोटाकर
अण्णा, तुमचं म्हणणं पटतं. पण "एका माणसानं मनात आणलं आणि लीग झाली" असं जे इथले पेपर लिहितात ते अर्धंच खरं आहे. थोडं मागे जाऊन लिहितो, लांबण लागेल.

कॅनडात २००७ मध्ये सीडब्ल्यूएचएल सुरू झाली. नावाला लीग, पण खेळाडूंना पगार नाही. दिवसा शाळेत शिकवायचं, रात्री सराव. २०१७ मध्ये कुठे थोडं मानधन सुरू झालं, वर्षाला दोन ते दहा हजार कॅनेडियन डॉलर. चीनमधले संघसुद्धा जोडून पाहिले. मार्च २०१९ च्या शेवटी एका पत्रकानं जाहीर केलं, लीग बंद.

इकडे अमेरिकेत २०१५ मध्ये एनडब्ल्यूएचएल आली. बायकांना पगार देणारी पहिली लीग म्हणून डांगोरा पिटला. दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पगार कापले. काहींचे तर निम्म्यावर आणले.

मग मे २०१९ मध्ये झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोनशे खेळाडूंनी एकत्र येऊन जाहीर केलं की उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये येत्या हंगामात खेळणार नाही. यात ऑलिंपिक पदकविजेत्या होत्या: हिलरी नाइट, मेरी-फिलिप पुलँ, केंडल कॉइन स्कोफील्ड. त्यांनी संघटना काढली आणि शहराशहरांतून प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या. चार वर्षं! खेळाडूच्या उमेदीतली चार वर्षं म्हणजे काय हे इथल्या खेळलेल्यांना सांगायला नको. पुरुषांची मोठी लीग एनएचएल म्हणत होती, बायकांचे दोन गट असताना आम्ही एकाची बाजू घेणार नाही. म्हणजे मार्ग एकच उरला, दोन्ही गटांची मिळून एक लीग व्हायला हवी.

जून २०२३ च्या अखेरीस वॉल्टर मंडळींनी ती अमेरिकेतली एनडब्ल्यूएचएल (तोवर तिचं नाव पीएचएफ झालं होतं) विकत घेतली आणि बंद केली. आणि जुलैच्या सुरुवातीला खेळाडूंनी मतदान करून सामूहिक करार मंजूर केला, २०३१ पर्यंतचा. तेव्हा संघ ठरलेले नव्हते, शहरं जाहीर झालेली नव्हती, एकही रिंक (बर्फाचं मैदान) बुक झालेलं नव्हतं. आधी कामगार करार आणि मग कारखाना. हे असं मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

म्हणून माझं उत्तर: पैसा मालकाचा, पण लीग उभी राहिली ती "असल्या अटींवर आम्ही खेळणार नाही" असं म्हणणाऱ्यांमुळे.

गोदाकाठ
+१, सुंदर प्रतिसाद. करारात काय काय आहे?

मिनेसोटाकर
मुख्य मुद्दे: किमान पगार वर्षाला ३५ हजार अमेरिकी डॉलर. प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा त्याहून जास्त द्यायचेच. संघाची सरासरी ५५ हजार. दरवर्षी ३ टक्के वाढ. आरोग्य विमा, निवृत्तीसाठीची वर्गणी, हंगामात घरभाड्याला भत्ता, बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार. केंडल कॉइन स्कोफील्डला जुलै २०२३ मध्ये मुलगा झाला, आणि जानेवारीत ती आमच्या संघाची कर्णधार म्हणून बर्फावर होती.

अण्णा_वडगावकर
३५ हजार डॉलरमध्ये टोरांटोत राहता येतं का? माझा पुतण्या तिथे तळघरात राहतो आणि भाड्याच्या नावानं रडतो.

ओवी_मिसिसागा
नाही येत, अण्णा. निदान सुखानं नाही येत. भत्ता धरला तरी ओढाताणच. एनएचएलमध्ये २०२५-२६ च्या हंगामात सगळ्यात कमी पगाराच्या पुरुष खेळाडूलाही ७ लाख ७५ हजार डॉलर मिळत होते, त्यापुढे हे काहीच नाही. पण आधी हातात काय पडत होतं ते बघा.

खारीबिस्किट
सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडं मीठ टाकते.

ती जी पीएचएफ बंद केली, तिच्यात सात संघ होते. पुढच्या हंगामासाठी प्रत्येक संघाला पगारापोटी १५ लाख डॉलरपर्यंत मुभा जाहीर झाली होती. खेळाडूंनी करार केले होते, काहींनी घरं बदलली होती. टोरांटो सिक्स या संघानं मार्च २०२३ मध्ये तिथला चषक जिंकला. तीन महिन्यांनी त्यांची लीगच नाही! सगळे करार रद्द. नव्या लीगमध्ये सहा संघ, प्रत्येकी २३ जागा, म्हणजे १३८. त्यातही ऑलिंपिकवाल्या आधी घुसणार. ज्यांनी त्या लीगवर विश्वास ठेवून, टोमणे खाऊन आठ वर्षं ती चालवली, त्यांच्यातल्या कितीतरी जणी एका फोनवर बाहेर पडल्या.

आणि मिनेसोटाकरभाऊ, करारावर मतदान केलं ते तुमच्या त्या चार वर्षं अडून बसलेल्या संघटनेच्या खेळाडूंनी. दुसऱ्या बाजूच्यांना कोणी विचारलं?

मिनेसोटाकर
खारीबिस्किट, हा मुद्दा रास्त आहे. आमच्या इथल्या व्हाइटकॅप्सचं त्यात फार नुकसान झालं. २००४ पासूनचा संघ, २०१९ चा चषक पहिल्याच फटक्यात जिंकलेला, तो इतिहासजमा झाला. नव्या संघाला त्यांचं नाव तरी द्यायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

तरी दोन्ही चालू राहिल्या असत्या तर दोन्ही मेल्या असत्या, हेही माझं ठाम मत आहे. तेवढा प्रेक्षक नाही, तेवढे जाहिरातदार नाहीत आणि अव्वल खेळाडू तर मुळीच नाहीत.

खारीबिस्किट
"मोठ्या कामासाठी लहानांनी त्याग करावा" हे वाक्य नेहमी मोठ्यांच्याच तोंडी का असतं कोण जाणे.

तिरकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बंडोपंत२
नावांवरून आठवलं. पहिल्या हंगामात एकाही संघाला नाव नव्हतं हे खरं का? माझा मुलगा बोस्टनला असतो, त्यानं फोटो पाठवला होता. जर्सीवर तिरकं नुसतं शहराचं नाव, तालुका क्रीडा स्पर्धेसारखं.

ओवी_मिसिसागा
हाहा, अगदी खरं! घाईच तेवढी होती. जूनअखेर खरेदी, सप्टेंबरमध्ये ड्राफ्ट, १ जानेवारीला सामना. नावांसाठी अर्ज मात्र गुपचूप भरले होते, ते कुणीतरी शोधून काढले. बोस्टन विकेड, टोरांटो टॉर्च, माँट्रियल एको, ओटावा अलर्ट. लोकांनी इतकी टर उडवली की ती यादी बासनात गेली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये खरी नावं आली: सेप्टर्स, व्हिक्टोआर, चार्ज, फ्लीट, सायरन्स, फ्रॉस्ट.

पण त्या बिननावाच्या जर्सी हातोहात खपल्या. लेक अजूनही तीच घालते, नवीवाली "सगळ्यांकडे असते" म्हणून.

पाटलीणबाई
मिनेसोटाचं नाव "फ्रॉस्ट"? तिथे राहणाऱ्यांना आठवण करून द्यायची गरज आहे का?

मिनेसोटाकर
पाटलीणबाई, सध्या खिडकीबाहेर उणे २२ आहे. गरज नाही.

कबड्डीप्रेमी_कोल्हापूर
यातल्या नियमांबद्दल कुणीतरी लिहा की. नुसता पगार-पगार.

मिनेसोटाकर
घ्या. नेहमीच्या हॉकीत खेळाडूनं आगळीक केली की दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि तेवढा वेळ संघ एकानं कमी. या लीगमध्ये एक भर घातली आहे: कमी खेळाडू असतानाही तुम्ही गोल केला, तर बाहेर बसलेली खेळाडू तिथल्या तिथे सुटून आत येते. नावच "जेलब्रेक".

कबड्डीप्रेमी_कोल्हापूर
अहो ही तर कबड्डीच झाली! गडी मारला की आपला बाद झालेला गडी उठतो, तेच. यांनी आपल्याकडून उचललं असणार, पैज लावा. :)

अजून?

मिनेसोटाकर
गुण ३-२-१-० असे. पूर्ण वेळेत जिंकलात तर ३, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर २, तसं हरलात तर १.

ड्राफ्टचा नियम मला फार आवडतो. बहुतेक लीगमध्ये तळाच्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळते, त्यामुळे शेवटी शेवटी संघ मुद्दाम हरतात. इथे बाद फेरीची आशा संपल्यानंतर जो संघ जास्त गुण कमावेल त्याला पहिली निवड. म्हणजे तळाला असलात तरी जिंकायलाच खेळायचं.

आणि एक नियम टोरांटोवाल्यांसमोर काढत नाही, पण आता विषय निघालाच आहे तर... गुणतक्त्यात पहिला आलेला संघ उपांत्य फेरीतला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो, तिसरा की चौथा.

ओवी_मिसिसागा
काढू नका.

मिनेसोटाकर
काढणारच! २०२४ चा पहिला हंगाम. टोरांटो पहिली. नॅटली स्पूनर २० गोल करून लीगमध्ये अव्वल. चौथ्या क्रमांकावर आम्ही, तेही शेवटचे पाचही सामने हरून कसेबसे घुसलेलो. टोरांटोनं अर्थातच आम्हाला निवडलं. पहिले दोन सामने त्या जिंकल्या, आम्हाला एक गोल करता आला नाही. पाचांतले तीन जिंकायचे. तिसऱ्या सामन्यात स्पूनर जायबंदी झाली. मग आम्ही २-०, जादा वेळेत १-०, आणि टोरांटोत जाऊन ४-१. बाय बाय.

अंतिम फेरी बोस्टनशी. चौथा सामना, आमच्याच रिंकवर, दुसरी जादा वेळ. आम्ही गोल केला, चषक जिंकला, हातमोजे-हेल्मेट हवेत उडाले, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. आणि पंचांनी व्हिडिओ पाहून गोल रद्द केला, गोलकीपरला अडथळा म्हणून! सगळ्यांनी आपापली हेल्मेटं शोधून पुन्हा खेळायला घेतलं आणि जेमतेम मिनिटभरात बोस्टननं गोल मारून सामना नेला. पाचवा सामना बोस्टनजवळ लोवेलला. आम्ही ३-० नं जिंकलो. पहिला वॉल्टर चषक. २०२५ मध्ये ओटावाला हरवून दुसराही आमचाच.

रानजाई
हे वाचून मला आइस हॉकी आवडायला लागली आहे आणि मला स्केट्स घालून उभंही राहता येत नाही.

सांगलीकर_सौरभ
बायकांच्या क्रिकेटच्या डब्ल्यूपीएलशी तुलना करावीशी वाटते. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, पाच संघ विकून बीसीसीआयला ४,६६९.९९ कोटी मिळाले, प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटी. आमच्या सांगलीच्या स्मृतीला ३.४ कोटी. आपल्या क्रिकेटवाल्यांना ही घासाघीस करावीच लागली नाही, कारण पाठीशी बोर्ड होतं आणि पुरुषांच्या आयपीएलची तयार यंत्रणा होती. मग एनएचएलनं तसं का केलं नाही?

आडकित्ता
सौरभ, तयार यंत्रणा असूनही बोर्डाला आयपीएलनंतर १५ वर्षं लागली, तेव्हा फार कौतुक नको. मधल्या काळात तीन-चार प्रदर्शनी सामन्यांवर बोळवण चालली होती.

पाठिंब्याचंही दुधारीच असतं. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत महिलांचं कबड्डी चॅलेंज झालं होतं, आठवतंय? तीन संघ. चांगलं चाललं होतं. पुढच्या वर्षी गायब. मोठ्या लीगच्या वळचणीला असलात की पहिली काटछाट तुमचीच. एनएचएलनं दूर राहून या बायकांचं भलंच केलं असं म्हणता येईल.

कबड्डीप्रेमी_कोल्हापूर
आडकित्ता, जखमेवर बोट ठेवलंत. पुणे, मुंबई उपनगर, रत्नागिरी, कुठल्याही जिल्ह्यात जा, मुलींच्या कबड्डीला मैदान भरतं. आणि टीव्हीवर दाखवायला म्हणे प्रेक्षक नाही.

गोदाकाठ
२०२५ मध्ये महिलांची हॉकी इंडिया लीगही सुरू झाली ना, चार संघांची, रांचीला? पहिलं विजेतेपद ओडिशाला. तिच्याबद्दल इथे एक धागा निघाला नाही, आणि कॅनडाच्या लीगवर एवढी चर्चा!

तिरकस
गोदाकाठ, तुम्ही काढा ना धागा. आम्ही तिथेही येऊन काही उपयोगाचं बोलणार नाही, शब्द देतो.

जुनी_वही
थोडं अवांतर, पण इतिहासाशिवाय हा विषय अपुरा राहील.

१९५५ मध्ये टोरांटोत अ‍ॅबी हॉफमन नावाची आठ वर्षांची मुलगी केस कापून, "अ‍ॅब" असं नाव सांगून मुलांच्या लीगमध्ये खेळत होती. चांगली बचावपटू. निवडक संघात नाव आलं तेव्हा जन्मदाखला तपासला गेला आणि बिंग फुटलं. पुढे ती धावपटू झाली आणि कॅनडाकडून चार ऑलिंपिक खेळली.

ऐंशीच्या दशकात ओंटारिओतल्याच जस्टिन ब्लेनीला मुलांच्या संघात जागा मिळूनही संघटनेनं खेळू दिलं नाही. ती कोर्टात गेली आणि जिंकली.

बायकांचं पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद १९९० मध्ये ओटावाला झालं. यजमान कॅनडाच्या बायकांना संयोजकांनी गुलाबी जर्सी घालायला दिल्या, म्हणे लोकांचं लक्ष वेधलं जाईल. त्यांनी त्याच जर्सीत अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं. ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९९८ ला, नागानोत. तिथे मात्र अमेरिका जिंकली.

पाटलीणबाई
गुलाबी जर्सी! समितीत कोण बसलं असेल ते न सांगता कळतं.

हिमगौरी
लडाखचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी हिवाळ्यात लेहला जाऊन आले आहे. तिथे हिवाळा आला की तळी गोठतात आणि मुलं-मुली काठ्या घेऊन उतरतात. नैसर्गिक बर्फाचे जेमतेम दोन महिने. आता लेहला कृत्रिम रिंक झालंय, त्यामुळे थोडा दिलासा आहे.

भारताचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तोही लोकवर्गणी काढून. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपीन्सला ४-३ नं हरवलं, तो पहिला विजय. २०२५ मध्ये अमिरातीत अल ऐनला झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक. संघात बहुतेक लडाखच्याच मुली. कॅनडाची नामवंत हॉकीपटू हेली विकेनहायजर २०१८ मध्ये स्वतः लेहला आली होती, मुलींसाठी साहित्य घेऊन. त्याच वर्षी लडाखच्या मुली तिच्या स्पर्धेसाठी कॅल्गरीला गेल्या.

इथे ३५ हजार डॉलर कमी की जास्त याची चर्चा चालू आहे ती योग्यच आहे. तिथे अजून स्केट्स मापाचे मिळावेत ही मागणी आहे.

अण्णा_वडगावकर
हिमगौरी, हे ठाऊक नव्हतं. आमच्या पुण्यात एवढी पोरं रोलर स्केटिंगला जातात, रोलर हॉकीसुद्धा खेळतात. त्यांना बर्फावर नेणारं कुणी भेटत नाही का?

हिमगौरी
अण्णा, बर्फच नाही ना. देशात पूर्ण मापाची रिंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. डेहराडूनचं रिंक २०११ मध्ये बांधलं आणि वर्षानुवर्षं कुलूप. आत्ता २०२५ मध्ये पुन्हा उघडलंय. बर्फ टिकवायची वीज परवडत नाही, मुख्य दुखणं ते आहे.

भाग्यश्री_सिअ‍ॅटल
आमच्याकडे नवीन संघ आला, सिअ‍ॅटल टॉरंट. पहिल्या घरच्या सामन्याला १६ हजारांच्या वर गर्दी. हरलो, मिनेसोटाकडूनच, पण आवाज असा की कानात दुसऱ्या दिवशीपर्यंत. महाराष्ट्र मंडळातल्या आम्ही काही जणी गेलो होतो. नियम कुणालाच माहीत नव्हते, शेजारच्या आजींनी समजावून सांगितले.

मात्र संघ भरायचा तर जुन्या संघांतूनच खेळाडू घ्यावे लागतात. हिलरी नाइट बोस्टनची, ती आमच्याकडे आली. टोरांटोची सारा नर्स व्हँकुव्हरला गेली. जुन्या चाहत्यांना किती लागलं असेल.

ओवी_मिसिसागा
घरात सारा नर्सचं पोस्टर अजून भिंतीवर आहे, एवढंच सांगते.

खारीबिस्किट
गर्दीचे आकडे सगळे मोठ्या दिवसांचेच सांगतात. टोरांटोत एनएचएलच्या रिंकवर फेब्रुवारी २०२४ मध्ये १९,२८५, माँट्रियलला एप्रिलमध्ये २१,१०५. कबूल, डोळे दिपतात. पण पहिल्या हंगामाची सरासरी साडेपाच हजारांच्या आतच होती. न्यूयॉर्कच्या संघाला तर एक धड घर नव्हतं. कधी कनेक्टिकटमध्ये ब्रिजपोर्टला, कधी लाँग आयलंडवर, आणि रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर स्पष्ट दिसायच्या. तोही हंगाम तळाला.

आडकित्ता
खारीबिस्किट, पण नव्या लीगला पहिल्या वर्षी साडेपाच हजारांची सरासरी म्हणजे वाईट कुठे आहे? आधीच्या लीगमध्ये काही शे लोकांपुढे खेळत होत्या.

माझ्या मते बायकांच्या लीग प्रेक्षकांअभावी कमी आणि उधळपट्टीनं जास्त बुडतात. अमेरिकेत १९९९ चा फुटबॉल विश्वचषक जिंकल्यावर २००१ मध्ये डब्ल्यूयूएसए काढली. पाच वर्षांचा पैसा पहिल्याच वर्षात उडवला आणि तीन हंगामांत सुमारे १० कोटी डॉलर बुडवून दुकान बंद. त्यामानाने ही मंडळी सावध दिसतात. आधी पाहुण्या शहरांत एकेक सामना खेळवला, व्हँकुव्हरला जानेवारी २०२५ मध्ये १९,०३८ लोक आले, आणि मग तिथे संघ दिला. आधी नाडी पाहिली, मग औषध.

आणि अण्णांच्या एका ठेवीदाराचं म्हणाल, तर हाच फायदाही आहे. आठ वेगळे मालक असते तर पहिल्या तोट्याच्या वर्षी दोघं पळाले असते आणि वेळापत्रक कोसळलं असतं.

अण्णा_वडगावकर
आडकित्ता, मान्य. पण मग २०३१ ला करार संपेल तेव्हा खेळाडूंना दुसरीकडे जायची सोयच नाही. एकच मालक म्हणजे एकच गिऱ्हाईक. तेव्हा भाव कोण ठरवणार? लीग टिकेल असं मलाही वाटू लागलंय. ती कोणाच्या अटींवर टिकेल, हा माझा प्रश्न आहे.

मिनेसोटाकर
त्याचं उत्तर २०१९ मध्ये मिळालंय, अण्णा. पुन्हा स्केट्स उतरवून बसतील.

खारीबिस्किट
तेव्हाच्या पिढीकडे ऑलिंपिक पदकं होती, म्हणून बसता आलं. नव्या २२ वर्षांच्या पोरीकडे विद्यापीठाचं कर्ज असतं. बघू.

रानजाई
ओवीताई, एवढं सगळं झाल्यावर विचारते, तिकिटांचं काय ठरलं?

ओवी_मिसिसागा
निम्म्या हंगामाची घेतली. नवऱ्याला अण्णांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला "बघ, बँकवाला माणूस आहे." मग आडकित्तांचा वाचून दाखवला, त्यावर चहा करायला उठून गेला. तो होकार समजले.

खरं सांगायचं तर लेकीच्या स्वतःच्या हॉकीचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पहाटे सहाचा सराव, दरवर्षी लहान होणारे स्केट्स, आणि ती किटची बॅग. गाडीत ठेवली की गाडी विकावीशी वाटते.

पाटलीणबाई
बॅगेच्या वासावर उपाय: सामान प्रत्येक वेळी बाहेर काढून पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. ओलं बंद केलंत की संपलं. भाचा गोलकीपर आहे, अनुभवाचे बोल. सोडा-बिडा काही उपयोगाचा नाही.

कबड्डीप्रेमी_कोल्हापूर
भारतातून बघायचं तर कुठे आणि किती वाजता? तो जेलब्रेक एकदा बघायचाच आहे.

मिनेसोटाकर
लीगच्या यूट्यूब वाहिनीवर बघा, पहिल्या हंगामापासून सामने तिथे दाखवतात. टोरांटोचा संध्याकाळी सातचा सामना म्हणजे हिवाळ्यात तुमच्याकडे पहाटे साडेपाच.

कबड्डीप्रेमी_कोल्हापूर
साडेपाचला आम्ही तालमीत असतो. तिथेच मोबाइल लावू.